डावीकडचा कागद

वस्तादाचा हात थरथरायला लागला, ते सगळ्यांत आधी कपबशीला कळलं. मग बायकोला, मग दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या मेहुण्याला, आणि अगदीच नाइलाज झाला तेव्हा खुद्द वस्तादाला. तोवर तो बशीलाच दोष देत होता. "ही बशी सपाट आहे, म्हणून कप वाजतो," असं म्हणून त्याने बायकोला कपाटातली ठेवणीतली बशी काढायला लावली. तीही वाजली. मग तो पेल्यातून चहा प्यायला लागला, आणि पेल्यातल्या चहाची लज्जत काही वेगळीच, असं येईल त्याला सांगत सुटला.

वस्ताद हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. चौकातल्या सलूनचा तो मालक. वस्तरा धरतो तो वस्ताद, असं कोणीतरी गमतीत म्हणून गेलं आणि ते चिकटलं. त्यालाही ते आवडलं. खोटं कशाला बोला, जरा जास्तच आवडलं. दाढी करताना तो वस्तरा असा काही हवेत फिरवून गालावर उतरवायचा की बाकावर बसलेली माणसं पेपर खाली करून बघायची. त्याची करंगळी तेव्हा ताठ वर असायची. नवशिका असताना वडील म्हणायचे, करंगळी गिऱ्हाइकाच्या गालाला टेकव, हात ठरतो. पण टेकून काम करणं म्हणजे नवशिक्याचं लक्षण. वस्ताद झाल्यावर कोण टेकतो?

वडिलांचाही हात पुढे असाच थरथरला होता. त्यांनी मुकाट्याने वस्तरा खाली ठेवला आणि बाकावर बसून पेपर वाचायला लागले. पेपरही थरथरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, बाबा, पान उलटताय की वारा घालताय? वडील हसायचे. त्यांचं ते हसणं वस्तादाला अलीकडे वरचेवर आठवायला लागलं होतं, आणि त्या बाकाकडे बघायलाही तो टाळत होता.

डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "घराण्यातून येतं हे. गोळी देतो. कमी होईल, पण जाणार नाही."

"घराण्यातून दुकान आलं, आरसे आले, हेच तेवढं राहिलं होतं," वस्ताद म्हणाला. डॉक्टर हसले, तोही हसला, आणि बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ नुसता उभा राहिला.

तरी त्याने रेटलं असतं. थापा मारण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण मध्ये हेडमास्तर आले.

हेडमास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, अख्ख्या गल्लीला ज्यांच्या छड्या आठवतात ते. दर सोमवारी आणि गुरुवारी दाढीला यायचे आणि फेस लागला की पाचव्या मिनिटाला खुर्चीत घोरायला लागायचे. ज्यांच्यापुढे एके काळी वर्ग श्वास रोखून बसायचा, ते आपल्या वस्तऱ्याखाली मान उघडी टाकून घोरतात, याचा वस्तादाला केवढा अभिमान! हेडमास्तर घोरायला लागले की तो रेडिओ बारीक करायचा आणि बाकावरच्यांना बोटाने गप्प करायचा.

गेले काही महिने हेडमास्तर घोरत नव्हते. "वय झालं, झोपच येत नाही," ते म्हणाले. वस्तादाने ते लगेच मानलं. अशा गोष्टी तो फार पटकन मानायचा. मग एका गुरुवारी वस्तरा कानाखाली सटकला. रक्त आलं. फार नाही, पण पांढऱ्या फेसावर लाल दिसायला कितीसं लागतं?

"छे छे, लागलं नाही," हेडमास्तर कानाखाली कापूस दाबून म्हणाले.

ते गेल्यावर मेहुण्याने दोन्ही हात पुसले, घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, राग मानू नका. कैची तुमची, केस तुमचे. वस्तरा मात्र आता माझ्याकडे द्या. सोमवारी सरांची दाढी मी करतो."

"आणि मी काय करू? बाकावर बसून पेपर वाचू?"

मेहुण्याने कापसाचा डबा बंद करून जागेवर ठेवला. तो वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर त्याला दोन शब्द सुनावून वस्तादाला मोकळं होता आलं असतं.

"सोमवारी बघू," वस्ताद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केस कापून घ्यायला रायफल क्लबचा कोच आला. गेली कित्येक वर्षं तो नवख्यांना नेमबाजी शिकवत होता, आणि खुर्चीत बसला की दुसरा विषय नाही. शनिवार-रविवार शिबिर आहे, म्हणाला. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणीही या. "हात ठरवायचा असेल ना वस्ताद, तर रायफलसारखं औषध नाही."

तो आपला बोलायचं म्हणून बोलला. पण वस्तादाची कैची हवेतच थांबली.

घरी सांगितलं तर बायको हसूनहसून खाली बसली. "हात थरथरतो म्हणून बंदूक धरणार? वा! चक्कर येत असती तर गच्चीच्या कठड्यावरून चालायला निघाला असतात." मग हसणं आवरून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "जा. पण आधी लोकांना विचारून घ्या, नळीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते. तुमचं डावं-उजवं मला माहीत आहे."

हे डाव्या-उजव्याचं प्रकरण सांगितलंच पाहिजे. वस्तादाला डावं आणि उजवं कळत नव्हतं असं नाही. त्याला फक्त गिऱ्हाइकाचं कळायचं. दाढीला तो समोर उभा राहणार, गिऱ्हाईक म्हणणार डावा कल्ला बारीक करा, म्हणजे ह्याचा उजवा. जन्मभर हेच केल्यामुळे समोर तोंड असलेल्या प्रत्येक गोष्टीचं डावं हे वस्तादाच्या उजव्या हाताला असायचं. मग ते माणूस असो, दुकान असो की कपाट असो. त्याला पत्ता विचारलेला माणूस हटकून भलतीकडे पोचायचा. दुकानात यावरून रोज थट्टा व्हायची, आणि सगळ्यांत मोठ्याने वस्तादच हसायचा.

शनिवारी सकाळी तो शिबिराला गेला. व्यायामशाळेसारखा लांबट हॉल होता. जमिनीवर ओळीने मॅट अंथरलेल्या आणि पार टोकाला लाकडी फळीवर काळ्या गोलाचे कागद टांगलेले. छऱ्यांच्या रायफली होत्या, पण नियम असे की कोणाला वाटावं तोफा आहेत. कोच सांगेपर्यंत हात लावायचा नाही, नळी कायम कागदाकडे, शेजाऱ्याशी गप्पा बंद. वस्तादाच्या उजव्या हाताच्या मॅटवर दोन वेण्यांची एक नऊ-दहा वर्षांची पोरगी आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आजोबा, तुम्ही पण शिकणार?"

"काका म्हण," वस्ताद म्हणाला. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पालथं पडायचं होतं. पोरगी पालीसारखी मॅटला चिकटली. वस्ताद पडला तो पोटावर, आणि पोट एवढं की दोन्ही टोकं अधांतरी. पाय खाली टेकवले की डोकं वर, डोकं खाली आणलं की पाय वर. कोचने दंडाला पट्टा बांधून दिला आणि म्हणाला, "डावी कोपर पुढे घ्या." कोच समोर तोंड करून उभा होता. वस्तादाने उजवी पुढे घेतली. "डावी, डावी!" कोच ओरडला. वस्तादाने उजवी आणखी पुढे घेतली. शेवटी कोचने वाकून त्याची डावी कोपर स्वतःच्या हाताने उचलून जागेवर ठेवली.

रायफल खांद्याला लागली मात्र, आणि काय सांगावं! नेम धरायच्या छिद्रातून बघावं तर काळा गोल नुसता नाचतोय. वर जातोय, खाली येतोय, मध्येच शेजारच्या फळीवर फेरफटका मारून येतोय. वस्ताद तो थांबायची वाट बघत बसला. डोळ्याला पाणी आलं, मान अवघडली, गोल काही थांबेना. शेवटी वैतागून चाप ओढला तो छर्रा कागदाच्या वरच्या लाकडात गेला. दुसरा खालच्या. तिसऱ्याचा तर पत्ताच लागला नाही.

"आजोबा, तुम्हाला थंडी वाजतेय का?" पोरगी कुजबुजली.

"थोडीशी," वस्ताद म्हणाला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुपारी कोच त्याच्या शेजारी येऊन मांडी घालून बसला. त्याने थरथर पाहिलीच होती, पण त्यावर तो बोलला नाही. "वस्ताद, तुम्ही रायफल धरताय," तो म्हणाला. "धरू नका. टेकवा. कोपर जमिनीला टेकवा, रायफल हाडावर टेकवा, गाल लाकडाला टेकवा. मग श्वास सोडा. सोडल्यावर पुढचा घ्यायच्या आत थोडी रिकामी जागा असते. तेवढ्यात काम उरकायचं."

"पण ती हलतेच आहे."

"माझीही हलते. इथे प्रत्येकाची हलते. हलायची थांबेल म्हणून जो वाट बघत बसतो, त्याच्या हातून चाप कधीच ओढला जात नाही."

घरी येईपर्यंत वस्ताद ते वाक्य घोळवत होता. टेकवा म्हणे! म्हणजे बाप जे कानीकपाळी ओरडून सांगायचा तेच. आणि आपण काय केलं, तर करंगळी झेंड्यासारखी वर करून वर्षानुवर्षं मिरवली. त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली, आणि त्याबरोबर असं हसू फुटलं, की जिना चढताना मध्येच थांबावं लागलं.

रविवारी शेवटी सगळ्यांची छोटीशी स्पर्धा होती. प्रत्येकाला पाच छर्रे. माणसं आदल्या दिवसापेक्षा वाढली होती, त्यामुळे मॅट सरकवून दाटीने टाकल्या होत्या, आणि कागद आता बरोबर समोर न येता प्रत्येकाच्या थोडे डावी-उजवीकडे येत होते. कोचने पुढे उभं राहून बजावलं, "नीट ऐका. आपल्या डावीकडचा कागद आपला. उजवीकडचा शेजाऱ्याचा. गफलत करू नका."

वस्तादाने मान हलवली आणि मॅटवर पडला. पोरगी आजही कालच्याच बाजूला, शेजारी होती. कोपर टेकवली, रायफल हाडावर टेकवली, गाल टेकवला. गोल हललाच, पण त्याने त्याला हलू दिलं. श्वास सोडला. ती रिकामी जागा आली, एवढीशी, पण होती खरी. त्या जागेत त्याने चाप ओढला. पुन्हा श्वास, पुन्हा जागा. पाचही छर्रे संपले तेव्हा त्याला वाटलं, आज काहीतरी जमलं. कित्येक महिन्यांत हातांबद्दल त्याला असं वाटलं नव्हतं. मनाशी तो बोलूनही गेला, निदान दोन जरी काळ्यात असतील तरी सोमवारी वस्तरा मीच धरणार.

कोच कागद काढून घेऊन आला आणि एकेकाचं नाव घेत दाखवायला लागला. वस्तादाचा कागद त्याने पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडाकडे धरला.

कोरा करकरीत.

हॉलमध्ये खसखस पिकली. वस्तादही हसला. "छर्रे भरायचेच विसरलो वाटतं," तो म्हणाला, आणि लोक आणखी हसले. पण आत कुठेतरी काहीतरी मटकन खाली बसलं. वाईट नेम लागला असता तरी चाललं असतं. पण जमलं जमलं म्हणून आपण खूश झालो, आणि कागदाला साधा ओरखडा नाही? म्हणजे आता आपल्या हातांनाही थापा मारता यायला लागल्या. त्याने दंडाचा पट्टा सोडला. मेहुण्याला उद्या काय सांगायचं ते शब्द तो मनात जुळवायला लागला. बाकावर गादी घालून घेऊ, निदान बसायला बरं पडेल, इथपर्यंत तो पोचला.

"कोचसर!" पोरगी ओरडली. "माझ्या कागदावर दहा भोकं आहेत! मी तर पाचच मारली!"

कोच तिच्याकडे गेला. पाच भोकं चारी दिशांना विखुरलेली होती. उरलेली पाच काळ्या गोलात, थोडी खाली, पण शर्टाच्या बटणाखाली झाकता येतील इतकी जवळजवळ. कोचने त्या पाचांवरून अंगठा फिरवला आणि मान वर केली.

"वस्ताद, तुम्ही कुठल्या कागदावर मारलंत?"

"सांगितलंत त्याच. डावीकडच्या."

"हात करा बरं डावीकडे."

वस्तादाने ठामपणे उजवीकडे हात केला. सगळे त्या हाताकडे बघायला लागले. मग त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याचा हात तसाच वर राहिला.

"नाही म्हणजे," तो म्हणाला, "कागदाचं तोंड माझ्याकडे आहे ना? मग त्याचं डावं..."

पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. आईबाप, पोरंटोरं, म्हातारे, सगळे पोट धरून हसत होते, आणि वस्ताद त्या पाच भोकांकडे बघत होता. त्यांच्यावर बोट ठेवताना बोट थरथरत होतं. मारणारा हातही हाच होता.

"नियमाने शून्य गुण," कोच डोळे पुसत म्हणाला. "शेजाऱ्याच्या कागदावरचं धरत नाहीत. सगळ्यांत जवळ-जवळ नेम तुमचा आणि शेवटचा नंबरही तुमचाच."

पोरगीने थोडा विचार केला. "आजोबा, हा तुम्ही घ्या. मला तुमचा कोरा द्या, मी चित्र काढीन."

घरी बायकोने तो कागद पाहिला, सगळी हकीकत ऐकली, आणि या वेळी ती हसली नाही. तिने कागद आरशाच्या कडेला खोचून ठेवला आणि कपबशीत चहा आणून दिला. कप वाजला. दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी हेडमास्तर आले. मेहुण्याने आपली खुर्ची आधीच झटकून ठेवली होती, पांढरा कपडा हातावर घेतला होता. हेडमास्तरांनी दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं आणि नेहमीसारखे वस्तादाच्या खुर्चीत जाऊन बसले. मेहुणा कपडा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

वस्तादाने फेस लावला. वस्तरा उचलला तेव्हा त्याचं लक्ष पहिल्यांदाच खुर्चीच्या दांड्यांकडे गेलं. हेडमास्तरांनी दोन्ही दांडे घट्ट आवळून धरले होते. नखं पांढरी पडली होती. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला, लहान पोर इंजेक्शनला बसतं तसे ते बसले होते.

तेव्हा वस्तादाला लख्ख कळलं. झोप वयाने गेली नव्हती. हा माणूस गेले कितीतरी महिने घाबरून इथे बसत होता. घाबरत होता आणि तरी दर सोमवारी, दर गुरुवारी येत होता. दुसरं सलून काय नव्हतं गावात? शेजारची खुर्चीही होतीच. आणि आपण आपल्याच हाताचं दुःख गोंजारत बसलो होतो. वस्तादाने नाक ओढलं. फेसाचा वास फार उग्र आहे, असं तो पुटपुटला.

मग त्याने कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवली. मनगट हेडमास्तरांच्या खांद्याला लावलं. आणि करंगळी खाली घेतली. वडिलांनी शिकवली होती अगदी तशी, जबड्याच्या हाडावर टेकवली. हवेत फिरवणं नाही, ऐट नाही. श्वास सोडला, एक पट्टा उतरवला, थांबला. पुन्हा श्वास, पुन्हा एक पट्टा. इतकी हळू दाढी त्याने उमेदवारीच्या दिवसांतही केली नव्हती. बाकावरचा एकजण घड्याळ बघायला लागला. बघू दे.

एक गाल झाला. दुसरा झाला. गळ्यापाशी आला तेव्हा त्याने पुन्हा दांड्यांकडे पाहिलं. बोटं सैल पडली होती. एक हात मांडीवर आला होता. आणि मग, गळ्याचा अर्धा भाग झाल्यावर, आधी बारीक शीळ घातल्यासारखा आणि मग चांगला दणदणीत आवाज आला.

हेडमास्तर घोरत होते.

मेहुण्याने न सांगता रेडिओ बारीक केला. वस्तादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच हनुवटीवरून शर्टावर पडत होतं. गळा झाला, कानाखालची जागा झाली, तीच ती. राहिली फक्त मिशीची कड. तिथे ओठावर करंगळी टेकवायला जागाच नाही. तिथे वस्तरा मोकळ्या हातानेच धरावा लागतो, आणि मोकळ्या हाताचं काय होतं ते वस्तादाला पक्कं ठाऊक होतं. तो क्षणभर थांबला. मग त्याने मान वळवून मेहुण्याला खुणेने बोलावलं.

"एवढं तू कर," तो कुजबुजला.

मेहुण्याने वस्तरा घेतला. हेडमास्तरांच्या चेहऱ्याला आजवर त्याने हात लावला नव्हता. शाळेत असताना ह्याच माणसाने त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. वस्तरा ओठाजवळ नेला आणि तो थबकला, कारण आता त्याचा हात थरथरत होता. त्याने घाबरून वस्तादाकडे पाहिलं.

वस्तादाला हसू आवरेना. त्याने मेहुण्याची कोपर धरून खुर्चीला टेकवली. "श्वास सोड आधी," तो म्हणाला. "हलतंय ते हलू दे. डावीकडून सुरू कर."

"कोणाचं डावं, दाजी? तुमचं की त्यांचं?"

"झोपलाय त्याचं," वस्ताद म्हणाला, आणि आपल्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.